रबरी ग्लोव्हज घातले की हाताला खाज सुटते. मी नर्स आहे. ही लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी असेल का?

असू शकते, पण प्रत्येक खाज म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. सतत हात धुणं, घाम आणि पावडर यांनीही कातडी कोरडी पडून भेगाळते, आणि बहुतेकांना तोच त्रास असतो. एक-दोन दिवसांनी पुरळ उठत असेल, तर कारण बहुधा रबर पक्कं करताना वापरलेली रसायनं असतात.

खरी भीती तिसऱ्या प्रकाराची. रबराच्या चिकातल्या प्रथिनांमुळे काही मिनिटांतच गांधी उठतात, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, कधी दम लागतो, क्वचित रक्तदाब कोसळतो. ग्लोव्हजमधली पावडर ही प्रथिनं हवेत पसरवते, म्हणून शेजारी कुणी ग्लोव्हज काढले तरी त्रास होतो. अमेरिकेत पावडरचे ग्लोव्हज 2017 पासून बंदच आहेत.

केळं, किवी किंवा अव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडात खाज येते का, तेही आठवून बघा. त्यांतली काही प्रथिनं लॅटेक्सशी मिळतीजुळती असतात.

तपासणी होईपर्यंत नायट्राइलचे (लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे) ग्लोव्हज मागून घ्या, संकोच करू नका. पाकिटावरच्या ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी) या शब्दावर विसंबू नका, त्यात लॅटेक्स असू शकतं. दम लागला, तर मात्र थेट कॅज्युअल्टी गाठा.

आणि तुमच्या वॉर्डात स्पायना बिफिडाचं (पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेलं), वारंवार ऑपरेशनं झालेलं मूल असेल, तर त्याच्या केसपेपरवर लॅटेक्सबद्दल नोंद आहे का, ते आजच बघा. या मुलांना धोका सगळ्यांत जास्त.