वडिलांचा डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा फेटाळलाय, आता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय: वडील २०१९ ला लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त, रक्तदाब, ३० टक्के अपंगत्व, पण ‘सेवेशी संबंध नाही’ म्हणून नकार. हे पत्र शेवटचं समजू नका.

रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं लष्कराचं कार्यालय) रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळी झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची पूर्ण प्रत (फॉर्म एएफएमएसएफ-१६) मागवा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात बोर्डाच्या मताचा रकाना बघा. बहुतेक वेळा तिथे एका ओळीचा शेरा असतो, कारण काहीच नसतं. सगळी केस इथेच उभी राहते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि बोर्डाने कारण दिलं नसेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला, असं सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सांगितलंय.

पहिलं अपील नकारानंतर सहा महिन्यांत करायचं असतं. उशीर झालाय, तर कारण लिहून माफी मागा. पुढे दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. दावा मान्य झाला तर पेन्शनसाठी ३० टक्के अपंगत्व ५० टक्के धरलं जातं. पण उशिरामुळे थकबाकी अनेकदा मागच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणून आता थांबू नका. (२१ सप्टेंबर २०२३ पासूनच्या निवृत्तांना नवे नियम आहेत.)

वडील दिवसभर घरात गप्प बसतात, याची मला जास्त काळजी वाटते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांनाच घेऊन जा. कागद तिथे तपासून मिळतील, माजी सैनिकही भेटतील. सांगलीचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले, आणि १९७२ ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण घेऊन आले.