गाओकाओच्या इंग्रजीची सराव चाचणी घेताना

चिनी मुलांना गाओकाओच्या, म्हणजे चीनमधल्या राष्ट्रीय विद्यापीठ-प्रवेश परीक्षेच्या, इंग्रजीसाठी शिकवायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर सराव चाचणी मूळ पेपरच्याच शिस्तीत घ्या. राष्ट्रीय पेपर १५० गुणांचा, वेळ १२० मिनिटं. ऐकण्याचे २० प्रश्न, प्रत्येकी दीड गुण. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, पुढचे मोठे उतारे दोनदा. म्हणून ध्वनिमुद्रण मागे नेऊन पुन्हा लावू नका, त्यानं मुलांना फसवा आत्मविश्वास येतो. मधल्या मोकळ्या सेकंदांत पुढचे पर्याय वाचून घ्यायला लावा. वेळ किंवा किंमत विचारली असेल, तर कानावर पडलेला पहिला आकडा लगेच टिपू नये. अनेकदा बोलणाराच तो पुढे बदलतो. शेवटी उत्तरपत्रिकेवर गोळे भरायला दोन मिनिटं मिळतात, तीही घड्याळ लावून द्या.

वाचनात चार उतारे आणि १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण.

सगळ्यात जास्त मेहनत, दिलेल्या सात वाक्यांतून योग्य पाच निवडून उताऱ्यातल्या पाच गाळलेल्या जागा भरण्यावर घ्या. एक वाक्य चुकीच्या जागी गेलं की दुसरी जागाही हातची जाते. जागेच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य, सर्वनामं, ‘पण’, ‘म्हणून’सारखे जोडशब्द यांवर आधी खुणा करायला शिकवा. नुसता सारखा शब्द दिसला म्हणून पर्याय निवडणं, ही नेहमीची चूक.