वडिलांचे वय जवळ येताना

"वडिलांना ५६व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला; म्हणजे माझ्याही हाती आता नऊच वर्षे उरली आहेत ना?" असा प्रश्न घेऊन ४७ वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, आणि 'काळजी करू नका' एवढेच सांगून विचारणाऱ्याची बोळवण करणे मला कधीच पटले नाही, कारण जवळच्या नातलगाला झटका येऊन गेला असेल तर आपलाही धोका काहीसा वाढतो, हे खरेच आहे.

रक्तदाब शेवटचा कधी मोजला, असे विचारताच ते गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी तो १५०/९६ निघाला होता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या महिनाभर घेऊन, काहीच त्रास होत नाही म्हणून त्यांनी त्या सोडून दिल्या आणि पुढे आकडा पाहण्याच्या धास्तीने मोजणेही टाळले. पक्षाघाताच्या आटोक्यात आणता येणाऱ्या कारणांपैकी सर्वांत मोठे कारण म्हणजे उच्च रक्तदाब, आणि नेमकी त्याच्याकडेच ते पाठ फिरवून बसले होते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही की खुपत नाही. तो वर्षानुवर्षे मेंदूच्या रक्तवाहिन्या ताठ आणि अरुंद करत राहतो, आणि मग एखाद्या दिवशी तिथे गुठळी अडकते किंवा वाहिनीच फुटते.

वडिलांकडून रक्ताखेरीज आणखी काय आले, हेही आम्ही मांडून पाहिले. वडील दिवसाला वीस सिगारेटी ओढत, हे दहा ओढतात. वडिलांचा मधुमेह उशिरा कळला, यांनी साखर कधी तपासलीच नव्हती. झटक्याच्या दोन दिवस आधी वडिलांची जीभ दहा मिनिटे अडखळली होती आणि उजव्या हातातला पेला निसटला होता, पण सारे आपोआप ओसरल्यामुळे घरच्यांनी तो थकवा मानला. अशी लक्षणे निघून गेली तरी तातडीने रुग्णालय गाठायचे असते, कारण मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या एक-दोन दिवसांतच सर्वाधिक असतो. हे ऐकल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. तो पेला त्यांनीच उचलून ठेवला होता. त्या दिवशी रक्तदाबाचा विषय मी तिथेच थांबवला.

पुढच्या भेटीत ठरले ते एवढेच: सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा रक्तदाब मोजायचा आणि त्याआधी अर्धा तास सिगारेट ओढायची नाही. (या अखेरच्या अटीने सकाळची पहिली सिगारेट लांबली, हा माझा छुपा हेतू होता, हे कबूल करते.) मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, हे त्यांना ठाऊकच होते. सरासरी १५२/९६ आली; ती वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

तीन महिन्यांनी आकडा १३२/८४ वर आला होता आणि सिगारेटी तीनवर. त्या तीन मात्र अजून सुटत नाहीत. या वेळी सोबत त्यांचा ४१ वर्षांचा धाकटा भाऊ होता. त्यानेही रक्तदाब कधीच मोजला नव्हता.