वारसा-वास्तूच्या शेजारी राहताना

प्रश्न : रावपुऱ्यात तांबेकर वाड्याजवळ आमचं जुनं घर आहे. गिलाव्याचे पोपडे निघताहेत आणि वर एक मजलाही चढवायचा आहे. घर आमचं असताना पुरातत्त्व खात्याची परवानगी कशाला?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : वाडा केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे म्हणून. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. हे अंतर वाड्याच्या दारापासून नव्हे, संरक्षित जागेच्या हद्दीपासून धरतात, तेव्हा आधी मोजणी करा. घर पहिल्या १०० मीटरांत येत असेल तर मजल्याचा विचार सोडा. डागडुजी मात्र करता येते, पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं हवं. जुन्या घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर त्या इथे कामी येतात. तुमचा अर्ज मिळाल्यावर सक्षम अधिकाऱ्याने तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायला हवा आणि त्यांनी दोन महिन्यांत शिफारस करायला हवी, असं कायदा सांगतो. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता पोपडे. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर कुणीतरी सिमेंट थापलेलं असणार. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवतं. मग क्षार आतच साचतात, लोणा धरतो आणि विटेचाच भुगा होतो. म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. बहुतेकदा फुटका पन्हाळ किंवा गळका नळ सापडतो. मग सिमेंट हलक्या हाताने उतरवा आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर तो पुन्हा भिंतीत मुरेल. भिंत पुरती वाळू द्या. नंतर एक भाग चांगला मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. थर दहा-बारा मिलिमीटरचा, त्याहून जाड नको, नाहीतर तडकतो. आठवडाभर ओलं गोणपाट लावा. पावसाळ्यात आणि वैशाखातल्या झळांत हे काम काढू नका. वरून ऑइल पेंट लावलात तर सगळी मेहनत पाण्यात. चुन्याचीच सफेदी द्या.

प्रश्न : चांपानेर जागतिक वारसा यादीत आहे, तरी युनेस्को तिथे पैसा का ओतत नाही?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : १९७२ च्या जागतिक वारसा करारानुसार जपणुकीची पहिली जबाबदारी त्या त्या देशाची. वारसा निधी आहे, पण छोटा, आणि देशाने मागितल्यावरच त्यातून मदत मिळते. यादीने मिळतं ते जगाचं लक्ष. चांपानेर-पावागढ २००४ मध्ये यादीत आलं ते एकट्या जामा मशिदीसाठी नव्हे. तटबंदी, तलाव, डोंगरावरची कालिका माता आणि पंधराव्या-सोळाव्या शतकातलं, पुढे फारसं न बदललेलं शहर, असं सगळं मिळून ते मोलाचं आहे. भोवतालाला धक्का लागला की यादीतलं नावही जाऊ शकतं. ओमानने ओरिक्स हरणांच्या अभयारण्याचं क्षेत्र नव्वद टक्के घटवलं, २००७ मध्ये ते यादीतून गेलं. जर्मनीतलं ड्रेस्डेन २००९ मध्ये एका पुलापायी गेलं, लिव्हरपूल २०२१ मध्ये गोदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे. आपली हंपीसुद्धा पुलांच्याच कामामुळे १९९९ ते २००६ धोक्याच्या यादीत होती.