वासेदा विद्यापीठ खासगी आहे, म्हणजे पैसे भरून प्रवेश मिळतो का?

नाही. तुमच्या भाचीला टोकियोच्या वासेदात शिकायचंय आणि ते खासगी असल्याचं कळल्यावर घरच्यांनी नाक मुरडलं, असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडचे अनुभव पाहता ते साहजिकच आहे. पण जपानातला हिशेब वेगळा. तिथल्या सुमारे आठशे विद्यापीठांपैकी तीन चतुर्थांश खासगी आहेत. त्यांत विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून बंद पडणारीही आहेत, आणि वासेदा किंवा टोकियोतलंच दुसरं खासगी विद्यापीठ केइओ यांच्यासारखी वरच्या टोकाचीही. वासेदाच्या फेब्रुवारीतल्या प्रवेश परीक्षेत नाव लागलं नाही, तर कितीतरी जपानी मुलं वर्षभर क्लास लावून ती पुन्हा देतात.

मुळात हे खासगी का, हे कळायला 1881 सालात जावं लागतं. ओकुमा शिगेनोबु तेव्हा सरकारातले वजनदार नेते होते. इंग्लंडच्या धर्तीवर लवकरात लवकर संसद आणा, असा त्यांचा आग्रह होता. सात्सुमा आणि चोशू प्रांतांतल्या सत्ताधारी गटाला तो पेलवला नाही आणि ओकुमांची हकालपट्टी झाली. पुढच्या वर्षी त्यांनी आधी राजकीय पक्ष काढला आणि ऑक्टोबर 1882 मध्ये भातशेतीने वेढलेल्या वासेदा गावात शाळा काढली. सुरुवातीला विद्यार्थी होते 80. विद्या सरकारच्या ताब्यात नको, हे पहिल्या दिवसापासूनचं धोरण. सरकारलाही हा बंडखोरांचा अड्डा वाटला. सरकारी प्राध्यापकांना आणि न्यायाधीशांना तिथं शिकवायला मनाई झाली. टोकियो विद्यापीठात परदेशी शिक्षक इंग्रजीत, जर्मनमध्ये व्याख्यानं देत असताना इथं जपानीत शिकवायचे; आणि 1886 पासून व्याख्यानं छापून गावोगावच्या लोकांना टपालाने पाठवायचे. मला स्वतःला या विद्यापीठाचा सर्वांत मोठा पराक्रम हाच वाटतो.

1902 मध्ये वासेदा विद्यापीठ हे नाव मिळालं, कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मात्र 1920 मध्ये. ओकुमा स्वतः परराष्ट्रमंत्री असताना 1889 च्या बॉम्बहल्ल्यात उजवा पाय गमावून बसले, तरी नंतर दोनदा पंतप्रधान झाले. माणूस 125 वर्षं जगू शकतो, असं ते छातीठोकपणे सांगायचे. ते गेले 83 व्या वर्षी. पण 1927 च्या ओकुमा सभागृहाचा मनोरा म्हणूनच 125 शाकु (लांबीचं जुनं जपानी माप), म्हणजे साधारण 38 मीटर उंच आहे.

केइओशी वासेदाचं हाडवैर. 1903 ला सुरू झालेले बेसबॉल सामने 1906 मध्ये समर्थकांच्या हुल्लडीपायी थांबले, ते थेट 1925 पर्यंत! आजही या सामन्याला मैदान भरतं.

आता 13 पदवी विद्याशाखा आणि पन्नास हजारांच्या जवळपास विद्यार्थी आहेत. त्यांत परदेशी पाच हजारांवर, बहुतेक चिनी. सोनीचे सहसंस्थापक इबुका मासारू, कादंबरीकार हारुकी मुराकामी आणि किशिदांसह अनेक पंतप्रधान इथलेच. राजकारण, पत्रकारिता आणि साहित्यात दबदबा मोठा. निव्वळ विज्ञान संशोधनासाठी मी टोकियो किंवा क्योतो ही राष्ट्रीय विद्यापीठं आधी बघेन. शिवाय संख्या मोठी असल्याने काही वर्ग खचाखच भरलेले असतात.

भाचीला जपानी येत नसेल तरी अडत नाही. 2004 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय उदारकला (लिबरल आर्ट्स) शाखेत इंग्रजीतून शिकवतात. राज्यशास्त्र-अर्थशास्त्र आणि अभियांत्रिकीतही इंग्रजी अभ्यासक्रम आहेत. फीबद्दल मात्र घरच्यांची धास्ती खरी आहे. राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाण फी वर्षाला 5,35,800 येन; इथं शाखेनुसार त्याच्या दुपटीपासून तिपटीपर्यंत. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करायला सांगा.

राहण्याबाबत म्हणाल तर मी राहतो त्या निशी-कासाईत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि तिथून तोझाई लाइनची मेट्रो न बदलता वासेदा स्टेशनला जाते. पण अभियांत्रिकीचे वर्ग निशी-वासेदाला आणि क्रीडाविज्ञानाचे थेट साइतामा प्रांतातल्या तोकोरोझावाला भरतात, तेव्हा शाखा ठरल्याशिवाय घर बघू नका.