कोकणातल्या दुर्गम वाड्यांत मुली इतक्या लहान वयात गरोदर का राहतात? मोबाइलमुळे का?

मी रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या एका उपकेंद्रात बरीच वर्षं नर्स होते. मोबाइलचा वाटा आहे, पण थोडा. माझ्या रजिस्टरातल्या अठराच्या आतल्या बहुतेक पोरींच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. तेव्हा आधी त्यांची लग्नं का लागतात ते बघायला हवं.

कातकरी वाडीवर दिवाळीनंतर गेलात तर कळेल. भात झोडून झालं की माणसं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला निघतात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे जावंच लागतं. मग पंधरा वर्षांची मुलगी ठेवायची कुठे? घरी एकटी ठेवली तर जिवाला घोर. भट्टीवर नेली तर झोपडीला दार नाही आणि आजूबाजूला परके गडी. "बाई, पोरगी एकाच्या हवाली केली की सुटलो," असं किती आयांनी मला सांगितलं. त्यांना दोष देणं मला कधी जमलं नाही.

शाळेचंही तेच. मोफत शिक्षणाचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत. मुलींना एस.टी.चा पास बारावीपर्यंत फुकट आहे, पण गाडी डांबरी रस्त्याने जाते आणि वाडी तिथून तासभर चढावर. पऱ्या (ओढा) भरला की तीही वाट बंद. दोन-तीन आठवडे बुडले की मुलगी परत जायला लाजते, आणि घरी बसली की वर्षाच्या आत स्थळ येतं.

कोळीवाड्यात, कुणबी वाडीतही प्रकरणं यायची, जरा वेगळी. आईबाप मुंबईला, पोर आजीच्या भरवशावर. गाव त्याला 'प्रेमप्रकरण' म्हणून मोकळं व्हायचं. नीट विचारलं की माणूस तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बहुधा नात्यातला निघायचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या; देशाचा आकडा ६.८. मला महाराष्ट्राचा आकडाही कमीच वाटतो, कारण "वय एकोणीस लिवा" हे मी फार वेळा ऐकलंय. मुलगी अठराच्या आत असेल तर लग्न झालेलं असो वा नसो, पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) पोलिसांना कळवणं आम्हाला बंधनकारक. कायदा हवाच, पण त्या धास्तीने नोंदणी तिसऱ्या महिन्याऐवजी सातव्यात होते. तोवर पोरीचं रक्त कमी, तपासणी एकही नाही.

आणि साधनं? निरोध, गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. पण देणारी आशाताई तिच्या आईची मैत्रीण! सून झालेलीला सासू म्हणते, पहिलं होऊ दे, मग बघू.

अल्पवयीन मुलीला पालकांच्या संमतीने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो, हा बदल २०२१ चा. तिने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. वाडीवर हे कुणाच्या कानावरही नसतं. पोर माझ्यापर्यंत यायची तेव्हा बहुतेकदा ते आठवडे उलटून गेलेले असायचे.