चिपरमध्ये काय घालायचं आणि निघालेल्या चिप्सचं काय करायचं

गोव्यातल्या सत्तरी, फोंडा भागातून कुळागरवाल्यांचे (माड-पोफळीच्या बागवाल्यांचे) चिपरबद्दल, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या मशीनबद्दल, प्रश्न येताहेत, थोडक्यात असे: माडाची चुडतं (झावळ्या) मशीनमध्ये गुंडाळतात ती का, फांद्या ओल्या घालायच्या की सुकवून, आणि निघालेला माल थेट झाडांच्या मुळाशी टाकला तर चालेल का.

फांद्या ओल्याच घाला. काजूची, आंब्याची छाटणी झाली की लगेच चिपर लावा, महिनाभर उन्हात टाकून ठेवली की लाकूड कडक होतं, ब्लेड बोथट होते आणि इंजिनावर लोड येतो. फणसाचा सुका ओंडका तर नकोच, तो चुलीला द्या. जांभ्या जमिनीवरून ओढत आणलेल्या फांदीला खडे-माती असते ती झाडून घ्या, एक खडा पुरतो धार घालवायला. चिप्सऐवजी भुसा पडायला लागला की समजा ब्लेडला धार लावायची वेळ झाली.

चुडतांचं मात्र उलट, हिरव्या चुडताचे तंतू आत गुंडाळतात आणि पावसात भिजलेलं असेल तर लगदाच होतो. थोडी सुकू द्या, देठाचा जाड बुंधा कोयत्याने तोडून बाजूला करा, आणि दोन-तीन चुडतांमागे एक फांदी घाला म्हणजे ती आतलं साफ करत जाते. नुसत्या ब्लेडवाल्या चिपरपेक्षा हातोड्यांचा श्रेडर (फिरत्या हातोड्यांनी ठेचून बारीक करणारं मशीन) चुडतांना बरा पडतो. विकत घेणार असाल तर दुकानदाराला म्हणा आमचीच चुडतं घालून दाखव, डेमोला तो नेहमी मऊ फांदीच घालतो!

लुंगी, गळ्यात टॉवेल, सैल बाह्या घालून मशीनजवळ जाऊ नका. डोळ्यांना गॉगल हवाच. मशीनच्या तोंडासमोर न राहता बाजूला उभं राहा, माल काठीने ढकला, हाताने-पायाने कधीच नाही. जॅम झालं की इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, ब्लेड पूर्ण थांबलेली, मगच झाकण उघडा. "एका सेकंदाचं काम" म्हणूनच बोटं जातात.

आता चिप्स. बुंध्याभोवती दोन-तीन इंच थर द्या पण खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. ताज्या चिप्स मातीत मिसळू नका, कुजताना त्या नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. मिसळायच्याच असतील तर आधी शेण आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला घालून कंपोस्ट करा. आणि हे बहुतेक जण विसरतात, माडाच्या बागेत कुजणारा ढीग तसाच पडू दिला तर गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो, मग कोवळा शेंडा तोच पोखरणार. म्हणून ढीग अधूनमधून उलटा, पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून मारा, या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिळाली तर तीही ढिगात मिसळा. खोडकिडा लागलेलं काजूचं खोड चिपरला न घालता फोडून, अळ्या काढून, वेगळं जाळून टाका.

दहा-बारा माडांसाठी मशीन घेण्यात काही अर्थ नाही, वाड्यावरच्या चार-पाच जणांनी मिळून भाड्याने आणा. घ्यायचंच ठरलं तर सबसिडीचं विभागीय कृषी कार्यालयात आधी विचारा आणि मगच बिल करा.